उभ्या गाडीचा हिशेब

प्राप्तिकर खात्याच्या लेखी पंचावन्न टनी ट्रेलरचा मालक महिन्याला ५५,००० रुपये कमावतो. हा आकडा कोणी रस्त्यावर उभे राहून, पाहणी करून काढलेला नाही. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील ४४एई या कलमात २०१८ साली दुरुस्ती झाली आणि बारा टनांहून अधिक एकूण वजनाच्या मालवाहू गाडीसाठी दर टनामागे दरमहा १,००० रुपये उत्पन्न गृहीत धरावे, असे ठरले. त्याआधी गाडी लहान असो वा मोठी, सरसकट ७,५०० रुपये धरले जात. दहापर्यंत गाड्या असलेल्या मालकाला या कलमामुळे हिशेबाच्या वह्यांच्या कटकटीतून सुटका मिळते. खरे उत्पन्न याहून कमी आहे, असे म्हणायचे असेल तर मात्र वह्याही ठेवाव्या लागतात आणि लेखापरीक्षणही करून घ्यावे लागते. या कलमातील सर्वांत बोलकी गोष्ट वेगळीच आहे. उत्पन्न मोजताना गाडी किती महिने चालली हे पाहिले जात नाही, ती किती महिने मालकीची होती हे पाहिले जाते. गाडी महामार्गावर असो, गॅरेजमध्ये असो, की कारखान्याच्या दारात दोन दिवस उभी असो, कायद्याच्या दृष्टीने ती कमावतच असते.

करापुरते पाहिले तर हा नियम आज फारसा जाचक उरलेला नाही. एका ट्रेलरच्या मालकाचे गृहीत उत्पन्न वर्षाला ६,६०,००० रुपये होते, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्यावर येतो. तरीही मी या आकड्यापासून सुरुवात केली, कारण कायद्यातील गृहीतक आणि बाजारातील गृहीतक एकच आहे: गाडी जितक्या टनांची, तितकी कमाई. गाडी विकणारा हेच सांगतो, कर्ज देणारा याच समजुतीवर हप्ता बसवतो, आणि वाहतूकदारांच्या संघटनाही आंदोलनाला उभ्या राहिल्या की बहुधा डिझेल, टोल आणि टनाचा दर यांविषयीच बोलतात. माझे म्हणणे असे की, स्वतःची गाडी स्वतः चालवून लोखंड वाहणाऱ्या माणसाची कमाई टनांपेक्षा तासांवर अधिक ठरते, आणि त्यातही धावण्याच्या तासांपेक्षा उभे राहण्याच्या तासांवर. या तासांची किंमत आज तो एकटा सोसतो. ती मालाच्या धन्याने सोसावी यासाठी नियम हवा.

लोखंडाचे भाडे हे इतर भाड्यांसारखे नसते. कापसाच्या गाठी किंवा फर्निचर भरताना गाडीतील जागा आधी संपते. लोखंड भरताना वजनाची मर्यादा आधी गाठली जाते, आणि ट्रेलरवरचा सळ्यांचा थर गुडघ्यापर्यंतही पोहोचलेला नसतो तोच गाडी ‘भरलेली’ असते. सळईची नेहमीची लांबी १२ मीटर, म्हणून तिला चाळीस फुटी सपाट ट्रेलर लागतो. छोट्या ट्रकवर तीच सळई मधोमध वाकवून चढवतात. सळ्यांची टोके मागे बाहेर काढून गाडी नेण्याची मुभा केंद्राने २०१४ मध्ये नियम बदलून काढून घेतली आणि ते योग्यच झाले, कारण अंधारात उभ्या गाडीवर मागून येऊन आदळणाऱ्याच्या दृष्टीने त्या सळ्या म्हणजे भाल्यांची रांगच असे. पोलादी पत्र्याच्या कॉइलची जोखीम वेगळी. पंधरा-वीस टनांचे ते वेटोळे लाकडी गुटक्यांवर आणि साखळ्यांवर तोललेले असते. गाडीचा ब्रेक लागला तरी कॉइलला तो लागत नाही, आणि बांधणीत कसूर झाली असेल तर तिच्या वाटेत पहिली येते ती चालकाची केबिन. ही बांधणी नीट करायला कौशल्य लागते आणि वेळही लागतो. भाड्याच्या दरात त्याचा वेगळा उल्लेख मी कधी पाहिलेला नाही.

सपाट ट्रेलरची आणखी एक अडचण बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. जालन्याचेच उदाहरण घ्या. तेथील भट्ट्या भंगार वितळवून सळई करतात. म्हणजे शहरातून सळई बाहेर जाते आणि शहरात भंगार येते. वरवर पाहता जाऊन-येऊन भाडे मिळण्यासाठी याहून चांगले ठिकाण नाही. परंतु भंगार सुटे असते, त्याला फळ्यांची बंदिस्त बॉडी लागते, आणि ज्या सपाटपणामुळे ट्रेलर सळईला सोयीचा ठरतो त्याच सपाटपणामुळे तो भंगाराला निरुपयोगी ठरतो. धान्य, कांदा, खताची सुटी भरती ही भाडीही त्याच्या वाट्याला सहसा येत नाहीत. त्याला परतीसाठी कळंबोलीच्या लोखंड बाजारातून प्लेट किंवा पाइप, डोलवीसारख्या मोठ्या कारखान्यातून कॉइल, नाहीतर एखादे अवजड यंत्र शोधावे लागते. ते मिळेपर्यंत थांबावे लागते, किंवा रिकामे परतावे लागते. दोन्हींचे पैसे त्याच्याच खिशातून जातात.

आता हिशेब मांडू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. प्रत्येक मालकाने स्वतःचे घालून पाहावेत. जालना ते मुंबई परिसर साधारण ४०० किलोमीटर. पंचावन्न टनांच्या मर्यादेतून रिकाम्या गाडीचे वजन वजा जाता माल सुमारे ४० टन भरतो. टनाला १,२०० रुपये भाडे धरले तर फेरीचे ४८,००० रुपये झाले. भरलेली गाडी लिटरला अडीच किलोमीटर आणि रिकामी चार किलोमीटर चालते, डिझेल ९० रुपये, असे धरल्यास जाण्याला १४,४०० आणि रिकामे येण्याला ९,००० रुपयांचे इंधन लागते. दोन्ही बाजूंचा टोल ८,००० रुपये. जेवणखाण, वजनकाटा, चहापाणी, दलाली मिळून २,००० रुपये. बावीस टायर, ऑइल आणि दुरुस्ती यांसाठी किलोमीटरमागे ५ रुपये बाजूला ठेवायचे म्हटले तर आणखी ४,००० रुपये. एकूण खर्च ३७,४०० रुपये होतो आणि मालकाच्या हाती १०,६०० रुपये उरतात. परतीला २०,००० रुपयांचे भाडे मिळाले, तर वाढीव डिझेलचे ५,४०० रुपये वजा जाऊन तीच शिल्लक २५,२०० रुपयांवर जाते.

हे झाले चालत्या गाडीचे. उभ्या गाडीचा खर्च निराळा. चाळीस लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने पाच वर्षांत फेडायचे असेल तर हप्ता ८५,००० रुपयांच्या आसपास येतो. विमा, कर, परवाना आणि फिटनेस यांचे महिन्याकाठी १५,००० रुपये धरले की महिना उजाडताच एक लाख रुपये देणे असते. हप्त्यातील मुद्दल हा खर्च नव्हे, असा आक्षेप हिशेबनीस घेतील, आणि तो शास्त्राला धरूनच आहे. पण पाच वर्षे अवजड लोखंड वाहिलेल्या गाडीची किंमतही त्या काळात अशीच झिजत असते, तेव्हा एकाच्या जागी दुसरे ठेवले तरी चित्र फारसे बदलत नाही.

एक फेरी, म्हणजे भरणे, जाणे, रिकामी करणे, परतीचे भाडे घेणे आणि ते पोहोचवणे, पाच दिवसांत उरकली तर महिन्यात सहा फेऱ्या होतात. शिल्लक १,५१,२०० रुपये, त्यातून एक लाख वजा जाता ५१,२०० रुपये. प्राप्तिकर कायद्याच्या गृहीतकाच्या हा आकडा बराच जवळ जातो, याचे मला स्वतःला आश्चर्य वाटले. पण त्याच फेरीला सहा दिवस लागले तर महिन्यात पाचच फेऱ्या होतात आणि हाती २६,००० रुपये राहतात. दर तोच, डिझेल तेच, टोल तोच, चालकही तोच. फेरीमागे एक दिवस कोठेतरी उभे राहण्यात गेला आणि कमाई निम्म्यावर आली. ही घट केवळ भाडे वाढवून भरून काढायची असती तर टनामागे १२६ रुपये जास्त मिळवावे लागले असते. टनाला पन्नास रुपये वाढवून घेण्यासाठी संघटनांना किती घासाघीस करावी लागते हे ज्याने पाहिले आहे, त्याला या एका दिवसाची किंमत वेगळी सांगायला नको. शिवाय या २६,००० रुपयांत त्याची स्वतःची मजुरी आली. पगारी चालक ठेवला असता तर त्याला जे द्यावे लागले असते ते यातून काढले, की मालक म्हणून त्याच्याकडे काय उरते हे ज्याचे त्याने पाहावे. परतीचे भाडे न मिळणाऱ्याचा हिशेब तर मी मांडतच नाही. १०,६०० रुपयांच्या फेऱ्यांनी एक लाख गाठायला महिन्यात नऊच्या वर फेऱ्या लागतात, आणि ते शक्य नाही.

हा दिवस जातो कोठे? कारखान्यात हव्या त्या जाडीची सळई तयार नसते, क्रेन दुसऱ्या गाडीला लागलेली असते, एकाच बिल्टीत, म्हणजे मालासोबतच्या वाहतुकीच्या पावतीत, दोन गोदामांचा माल असतो, काट्यावर रांग असते. दुसऱ्या टोकाला शहरात अवजड वाहनांना गर्दीच्या वेळी प्रवेश नसतो, बांधकामावर माल उतरवून घेणारा मुकादम सकाळी येणार असतो, आणि मग वाराईचा, म्हणजे हमालीचा, वाद निघतो. माथाडी कामगारांना १९६९ च्या कायद्याने जे संरक्षण मिळाले ते महाराष्ट्राला भूषणावह आहे आणि त्यांच्या मजुरीबद्दल माझी काही तक्रार नाही. मात्र ती मजुरी गाडीवाल्याकडून वसूल होते तेव्हा ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही वाहतूकदारांची जुनी घोषणा मला पूर्णपणे न्याय्य वाटते. वरील प्रत्येक विलंबाला काही ना काही कारण असतेच. पण त्यांतील एकही कारण गाडीवाल्याने निर्माण केलेले नसते, आणि एकही त्याला दूर करता येत नाही.

वेळेच्या बाबतीत कायदा कोणाकडे पाहतो हे ई-वे बिलावरून, म्हणजे मालासोबत बाळगाव्या लागणाऱ्या जीएसटीच्या कागदावरून, दिसते. २०२१ पासून त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस आहे. वाटेत गाडी बिघडली, घाटात अडकली, तर मुदतवाढ मागावी लागते, अन्यथा माल आणि गाडी दोन्ही अडकण्याची आणि दंडाची टांगती तलवार असते. शासनाने वाहतुकीतील वेळ मोजायला सुरुवात केली ही चांगलीच गोष्ट आहे, परंतु घड्याळ फक्त चालकाच्या मनगटाला बांधले. माल भरून देणाऱ्यावर आणि उतरवून घेणाऱ्यावर वेळेचे कोणतेही बंधन नाही. कामगार म्हणूनही मालक-चालकाला आधार मिळाला नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने कामाचे तास दिवसाला आठवर आणले, पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता. स्वतःच स्वतःचा नोकर असलेल्या माणसाला त्यात जागा नव्हती. दारात गेलेला दिवस तो रात्रीच्या झोपेतून वसूल करतो, आणि चाळीस टन लोखंड घेऊन डुलक्या खाणारा चालक हा मग एकट्या त्याचा प्रश्न राहत नाही.

वसुलीचा दुसरा मार्ग म्हणजे ज्यादा माल. २०१८ च्या जुलैमध्ये केंद्राने धुरांवरील अनुज्ञेय वजन वाढवले, ट्रेलरची कमाल मर्यादा ४९ वरून ५५ टनांवर गेली. त्या वेळी ही गाडीवाल्यांना दिलेली भेट आहे असे सांगितले गेले. थोडा विचार केला तर तसे दिसत नाही. सर्वांच्याच गाड्यांची क्षमता वाढली की तेवढ्याच मालाला कमी गाड्या लागतात, उरलेल्या गाड्या भाड्यासाठी एकमेकींशी झगडतात आणि टनाचा दर खाली येतो; वाढीव टनांचा लाभ ज्याचा माल त्याच्याकडे जातो. २०१९ च्या दुरुस्तीने ज्यादा मालाचा दंड २०,००० रुपये अधिक प्रत्येक वाढीव टनामागे २,००० रुपये असा कडक झाला. कायद्याची भाषा गाडी चालवणाऱ्याबरोबरच ती तशी चालवायला लावणाऱ्यालाही धरते. पण रस्त्यावर अडवली जाते ती गाडी आणि पावती फाटते ती चालकाच्या नावाने. ज्या काट्यावर जास्तीचे वजन नोंदले गेले तो काटा कारखान्याच्या आवारातच असतो, ही गोष्ट कोणाला खटकलेली दिसत नाही.

वाहतूक कंत्राटदाराला खलनायक ठरवण्याची सोपी वाट मी टाळतो आहे. गाडी भरली की भाड्याचा मोठा भाग, पुष्कळदा ऐंशी-नव्वद टक्के, ॲडव्हान्स म्हणून तोच देतो, कारण त्याशिवाय टाकीत डिझेल पडत नाही. आणि त्याला स्वतःला कारखान्याकडून पैसे मिळायला कितीतरी अधिक दिवस लागतात. म्हणजे मोठ्या उद्योगाची उधारी मधला माणूस पेलतो, आणि त्यातील जे त्याला पेलवत नाही ते गाडीवाल्याकडे सरकवतो. ‘बाकी पोच आल्यावर’ हे ते वाक्य. दहा टक्के ही रक्कम किरकोळ वाटते. पण ४८,००० रुपयांवर ती ४,८०० होते, सहा फेऱ्यांची २८,८०० होते, आणि ज्याच्या हाती महिन्याला ५१,२०० रुपये राहतात त्याच्या निम्म्याहून अधिक कमाई दुसऱ्याच्या टेबलावरील पोचपावतीखाली दबलेली असते.

येथे निदान कायदा आहे, आणि तो वापरला जात नाही ही खंत आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम कायद्यानुसार लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तरी ४५ दिवसांच्या आत सूक्ष्म व लघु उपक्रमाचे पैसे द्यावे लागतात. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट व्याज लागते. प्राप्तिकर कायद्यातील नव्या तरतुदीने त्याला दातही आले आहेत, कारण मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येत नाही. एका ट्रेलरचा मालक हा या व्याख्येत सहज बसणारा सूक्ष्म उपक्रम आहे. त्यासाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी करायला एक पैसा लागत नाही. गावोगावच्या ट्रकमालक संघटनांनी रास्ता रोकोवर जेवढी शक्ती खर्च केली त्याचा थोडा अंश सभासदांच्या नोंदणीवर खर्च केला असता तर बरे झाले असते, असे स्पष्ट म्हटले पाहिजे.

उभ्या तासांबाबत मात्र असा आधारच नाही. २००७ चा रस्ते मालवहन कायदा २०११ पासून लागू आहे, त्याने १८६५ च्या इंग्रजी अमलातील कायद्याची जागा घेतली. मालाचे नुकसान झाल्यास वाहकाची जबाबदारी किती, याचा त्यात बारकाईने विचार आहे आणि ती सामान्यतः भाड्याच्या दहापटीपर्यंत ठरवली आहे. गाडीवाल्याचा दिवस वाया गेला तर माल पाठवणाऱ्याची जबाबदारी किती, हा प्रश्न त्या कायद्याला पडलेला नाही.

यावर नेहमीचे उत्तर असे की हा खुला बाजार आहे. परवडत नसेल तर भाडे नाकारावे, आणि हाती काम नसताना कर्ज काढून ट्रेलर घ्यायला सांगितले कोणी? या उत्तरात तथ्य अजिबात नाही असे नाही. शेजाऱ्याने घेतली म्हणून गाडी घेणारे आहेत, आणि हप्त्याच्या धाकाने कोणत्याही दराला होकार देणारेही आहेत. पण खुल्या बाजारात किंमत ठरण्यासाठी सौदा करताना ती वस्तू दोघांनाही दिसावी लागते. टनाचा दर फोनवर ठरतो तेव्हा दारात किती तास जाणार हे गाडीवाल्याला कळायला मार्ग नसतो, आणि ते कळते तेव्हा माल अर्धा चढलेला असतो. रिकामी गाडी काट्यावरून आत गेल्यावर नकार देण्याचे स्वातंत्र्य कागदावरच राहते.

अमेरिकेत लोखंड वाहणाऱ्या मालक-चालकांना हे साठ वर्षांपूर्वी उमगले होते. १९६७ मध्ये गॅरी आणि पिट्सबर्ग या पोलादी पट्ट्यांतील चालकांनी गाड्या थांबवल्या, त्या स्वतःच्याच युनियनच्या, टीमस्टर्सच्या, नेतृत्वाला न जुमानता. आणि त्यांच्या गाऱ्हाण्यांत कारखान्याच्या दारात फुकट ताटकळावे लागणे हे अग्रभागी होते. पुढे तेथील संघराज्य सरकारने मालक-चालकाची गाडी भाड्याने घेणाऱ्या कंपन्यांसाठी भाडेकराराचे नियम केले. त्यांनुसार मालक-चालकाला कागदपत्रे दिल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, आणि त्याचा मोबदला भाड्याच्या टक्केवारीत ठरला असेल तर मूळ भाड्याच्या बिलाची प्रत त्याला दाखवावी लागते. दारातील प्रतीक्षेचा प्रश्न तेथेही पुरता सुटलेला नाही, हे खरे. आपल्याकडील ट्रेलरवाल्याला तर कारखान्याने एकूण किती भाडे मोजले हे कळण्याचा हक्कच नाही. हे बिल पाहण्याच्या हक्काचे मला पैशांच्या मुदतीइतकेच महत्त्व वाटते.

मागणी फार मोठी नाही. बिल्टीवर गाडी दारात आल्याची आणि दाराबाहेर पडल्याची वेळ लिहिणे सक्तीचे करावे. भरायला आणि उतरवायला प्रत्येकी आठ तास फुकट मिळावेत. त्यानंतरच्या प्रत्येक तासाचे पैसे माल पाठवणाऱ्याने किंवा घेणाऱ्याने द्यावेत. वरच्या हिशेबात एका दिवसाने फेरीमागे ५,०४० रुपये गेले, म्हणजे तासाला २१० रुपये. पन्नास हजार रुपये टनाची सळई धरली तर ट्रेलरवर वीस लाखांचा माल असतो. त्यापुढे ५,०४० रुपये म्हणजे शेकडा जेमतेम चार आणे. हा भार कोणत्याही कारखान्याला बुडवणार नाही. पण शिपिंग विभागातील कोणाला तरी त्याचे उत्तर दरमहा द्यावे लागेल, आणि मग दुसरी क्रेन आपोआप सापडेल, असा माझा अंदाज आहे.

पुराव्याची अडचण सांगितली जाईल. ती अर्धीच खरी आहे. रिकाम्या गाडीचे वजन होते तेव्हा काट्याच्या पावतीवर वेळ छापलेली असते आणि भरलेल्या वजनाच्या पावतीवरही असते. या दोन पावत्या आजही प्रत्येक चालकाच्या खिशात असतात. नोंद नसते ती काट्यापूर्वीच्या रांगेची, आणि बहुतेक वेळ तर तेथेच जातो. टोलनाक्यावर ज्या फास्टॅगने गाडीची वेळ सेकंदापर्यंत नोंदवली जाते, तो त्याच गाडीच्या काचेवर चिकटवलेला असतो. तो वाचणारे यंत्र कारखान्याच्या फाटकावर अजून बसलेले नाही, एवढेच.